दुकान वाचेल, पण शेअर?

सांगली-मिरज रस्त्यावर एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीचं दुकान आहे. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. अमुक शेअर घ्या किंवा विका असं जाहीरपणे सांगणं हे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे नोंदणी केलेल्या माणसाचं काम आहे आणि मी तो नाही. कधीकाळी तीन आकडी असलेला या कंपनीचा भाव आता एक आकडी झाला आहे. विश्रामबागेत सकाळी फिरून आल्यावर चहाला जमणाऱ्या आमच्या मंडळींत गेले दोन महिने दुसरा विषय नाही. एक बाजू म्हणते, भाव मातीमोल झालाय, घ्यायची वेळ हीच. दुसरी म्हणते, ऑनलाइनच्या जमान्यात दुकानं संपली आणि शेअर बाजार हा नाहीतरी जुगारच. आवाज चढतात, चहा गार होतो, आणि दुसऱ्या दिवशी वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. माझं म्हणणं असं आहे की दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. कंपनी चालेल की बुडेल यावरच सगळी ताकद खर्च होते आहे. विचारायला हवं ते वेगळंच: कंपनी चालली, तरी तिच्यात आपल्या शेअरसाठी काही उरेल का? दुकान वाचणं वेगळं आणि शेअर वाचणं वेगळं. गळ्यापर्यंत कर्ज असलेल्या कंपनीत तर दुकान वाचतं तेच पुष्कळदा शेअरहोल्डरचा बळी देऊन.

हा वाद चहापुरता असता तर मी लिहायला बसलो नसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये शेअर ठेवायच्या देशातल्या डीमॅट खात्यांनी १० कोटींचा टप्पा ओलांडला. आमच्या आसपास, कुपवाड, तासगाव, विटा, पलूसकडच्या कितीतरी तरुण पोरांनी गेल्या चार-पाच वर्षांत पहिल्यांदा शेअर घेतले आहेत. आमच्या चहाच्या घोळक्यातला एक मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. त्याच्याकडे या कंपनीचे चार हजार शेअर आहेत. पहिले हजार त्याने वीस रुपयांच्या पुढे घेतले, मग भाव पडेल तसे आणखी घेत गेला. "काका, शेवटचे नऊ रुपयाला घेतलेत. जाऊन जाऊन काय जाणार?" असं तो मला म्हणाला. जे जाणार आहे ते त्याचे अडीच-तीन पगार आहेत. त्याला "जुगार खेळू नकोस" एवढंच सांगून उठून जाणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मला राग येतो. त्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं.

आधी विरोधकांचं म्हणणं संपवतो, कारण त्यात फार दम नाही. ऑनलाइनमुळे दुकानं संपली असती तर डी-मार्टचं काय झालं असतं? राधाकिशन दमाणींनी २००२ साली पवईत पहिलं दुकान काढलं, मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना शेअर विकला, आणि घरबसल्या सामान मागवायची सोय घरोघरी पोचत असतानाच्या वर्षांतच त्यांची दुकानं वाढत गेली. टाटांच्या ट्रेंटने २०१६ साली सुरू केलेली झुडिओची दुकानं तर ऑनलाइन विक्रीच्या वाटेला न जाता पसरली. म्हणजे रोग दुकानाला नाही, काही दुकानदारांना आहे. आणि जुगाराचं म्हणाल तर हळदीच्या वायद्यावर वाढलेल्या गावाने ते म्हणू नये. मार्केट यार्डातला माणूस उद्याच्या भावावर आज पैसे लावतो तेव्हा त्याला आपण व्यापारी म्हणतो, कारण माल काय आहे, साठा किती आहे, समोरचा पैसे देईल का, हे त्याने बघितलेलं असतं. शेअर घेताना एवढं बघितलं तर तोही व्यापारच आहे. बघितलं नाही तर हळदसुद्धा जुगारच.

आता घेणाऱ्यांची बाजू. ती मी हलकी मानत नाही. त्यांच्याकडे उदाहरणं आहेत, आणि ती खरी आहेत. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर किंवा आमच्या ढालगावकडे गेलात तर पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. त्यांच्याशी जोडलेलं सुझलॉन हे नाव आमच्याकडे शेळ्या राखणाऱ्यालाही माहीत आहे. या कंपनीने २००५ साली ५१० रुपयांना शेअर विकला, पुढे दहाच्या शेअरचे पाच भाग झाले, आणि २०२० साली तो भाग दोन रुपयांच्या आसपास लोळत होता. २०२४ मध्ये तोच ऐंशीच्या वर गेला. किरकोळ विक्रीतलंच उदाहरण हवं तर विशाल रिटेल आहे. २००७ साली २७० रुपयांना बाजारात आली, पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेली, कर्जाने मोडली आणि नाव बदलून व्हीटू रिटेल झाली. तिचा शेअर २०२३ च्या सुरुवातीला शंभराच्या आसपास घुटमळत होता, तो २०२४ मध्ये हजारावर गेला. अमेरिकेत बेस्ट बाय या साखळीला २०१२ साली सगळ्यांनी मेलेलं धरलं होतं, ती उभी राहिली. ज्याने त्या पडत्या काळात हिंमत केली त्याचं भलं झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग हा मुलगा विचारतो, "उद्या हाच शेअर तसा निघाला तर?" हा प्रश्न प्रामाणिक आहे.

पण या गोष्टी जवळ जाऊन बघा. सुझलॉनचे २००८ साली दीडशे कोटींच्या आसपास शेअर होते. आज ते साडेतेराशे कोटींहून जास्त आहेत. कर्जाच्या बदल्यात बँकांना शेअर दिले गेले, २०२२ मध्ये पाच रुपयांनी हक्काचे शेअर (जुन्या हिस्सेदारांना आधी देऊ केलेले) विकले गेले, २०२३ मध्ये मोठ्या संस्थांना आणखी विकले. कंपनी वाचवायला पैसा लागला आणि तो नवे शेअर काढून उभा केला. जुन्या माणसाची भाकरी तेवढीच राहिली, ताटावर बसणारे नऊपट झाले. म्हणून दोन रुपयांना घेणारा सुखी आहे आणि २००८ च्या तेजीत घेणारा, कंपनी जगूनही, आजवर तोट्यातच आहे. विशालची गोष्ट तर माझ्या म्हणण्याचा उघड पुरावा आहे. २०११ साली तिचा चालता धंदा आणि नाव टीपीजी ही अमेरिकी गुंतवणूक कंपनी आणि श्रीराम समूह यांनी मिळून अवघ्या ७० कोटींना घेतलं. जुन्या शेअरहोल्डरांच्या हातात उरली ती बाजारात नोंदलेली रिकामी कंपनी, जिला पुन्हा पहिल्यापासून दुकानं काढावी लागली. आणि ते विकलेलं नाव? विशाल मेगा मार्ट डिसेंबर २०२४ मध्ये ७८ रुपये भावाने बाजारात आली. ८,००० कोटींची विक्री झाली आणि ते सगळे पैसे नव्या मालकांकडे गेले. २००७ साली रांग लावून त्या दुकानाचे शेअर घेतलेल्या माणसाला त्या ८,००० कोटींतला एक रुपया मिळाला नाही. दुकान तर वाचलं होतं, नव्हे, भरभराटीला आलं होतं.

असं का होतं हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागू नये, कारण शेतमाल तारण योजना त्याला ठाऊक आहे. पणन मंडळ १९९०-९१ पासून ती चालवतंय. हळदीचा भाव पडलेला असताना विकायची नाही, बाजार समितीच्या गोदामात ठेवायची आणि तिच्या किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज उचलायचं. समजा गोदामात एक लाखाची हळद आहे आणि पंचाहत्तर हजार उचललेत. बाहेरून बघणाऱ्याला लाखाची हळद दिसते, पण त्यात आपले पंचवीस हजारच आहेत. भाव दहा टक्के चढला तर आपले पंचवीसचे पस्तीस हजार होतात. आणि भाव पंचवीस टक्के उतरला तर हळद पोत्यांत तशीच आहे, वास तोच, रंग तोच, पण त्यात आपलं काही उरलं नाही. वर व्याज चालू. कर्जबाजारी कंपनीचा शेअर म्हणजे हे वरचे पंचवीस हजार. आमच्या चहावरची दोन्ही मंडळी पोत्यांकडे बघून भांडताहेत. एक म्हणतो, पोती केवढी आहेत बघा. दुसरा म्हणतो, हळद आता कोण खातंय. पावतीवर उचल किती लिहिली आहे, ते कुणी विचारत नाही.

कायद्यानेही रांग ठरवून दिली आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या ५३ व्या कलमात, कंपनी मोडीत निघाली तर पैसे कुणाला कोणत्या क्रमाने द्यायचे, ते लिहिलं आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेले सावकार आणि कामगारांची २४ महिन्यांची देणी, मग इतर नोकर, मग तारण नसलेले कर्ज देणारे, मग सरकार, बाकीचे देणेकरी, आणि अगदी शेवटी साधा शेअरहोल्डर. रांगेतल्या पहिल्या-दुसऱ्यालाच पूर्ण पैसे मिळत नाहीत तिथे शेवटच्याचं काय? जून २०२१ मध्ये डीएचएफएल ही बुडालेली घरकर्ज कंपनी पिरामल समूहाला द्यायला, दिवाळखोरीचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने मंजुरी दिली. ३४,२५० कोटींचा तो व्यवहार. कंपनी वाचली या आनंदात शेअरला वरचं सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव चढायची कमाल मर्यादा, लागलं! आणि त्याच मंजूर आराखड्यात लिहिलेलं होतं की जुन्या शेअरची किंमत शून्य. काही दिवसांतच व्यवहार बंद झाले आणि शेअर डीमॅट खात्यात कागदासारखे पडून राहिले. बातमी चांगलीच होती, पण ती कुणासाठी, हे लोकांनी वाचलंच नाही. दिवाळखोरीतून गेलेल्या रुची सोया या खाद्यतेल कंपनीचं उदाहरण तर तेजीवाले स्वतःच देतात. २०२० मध्ये सोळा-सतरा रुपयांवरून तो काही महिन्यांत पंधराशेपर्यंत गेला, हे खरं. पण त्याआधी जुन्या शेअरहोल्डरच्या शंभर शेअरचा एक शेअर झाला होता, आणि बाजारात फिरायला जनतेकडे जेमतेम एक टक्का शेअर उरले होते. चार पोती माल बाजारात आणि घेणारे हजार असले की भाव काहीही होतो. त्या भावात कोणी जुना माणूस श्रीमंत झाला असेल तर मला दाखवा.

"पण कुणीतरी मोठा येऊन विकत घेईल." हे वाक्य मी दोन महिन्यांत निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. या वाक्यावर महाराष्ट्रातल्या लोकांनी किती पैसे घालवले, ते आठवायला फार मागे जायला नको. किशोर बियाणींनी २००१ साली बिग बझार सुरू केला आणि मध्यमवर्गाला एका छताखाली सगळं घ्यायची सवय लावली. त्या दुकानांची गर्दी, त्या घोषणा, प्रजासत्ताक दिनाच्या सेलच्या त्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्यात. जानेवारी २०२० मध्ये बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर रिटेलचा शेअर तीनशेच्या वर होता. प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचे, शेअर सावकारांकडे गहाण होते, टाळेबंदीत सगळं एकदम अंगावर आलं. २९ ऑगस्ट २०२० ला मोठा खरेदीदार खरोखर आला. रिलायन्सने २४,७१३ कोटींना फ्युचर समूहाचा किरकोळ, घाऊक आणि गोदामांचा धंदा घ्यायचं जाहीर केलं. याहून मोठा खरेदीदार या देशात कोण असणार होता? पण ॲमेझॉनने २०१९ मध्ये समूहाच्या दुसऱ्या एका कंपनीत पैसे घातले होते. त्या कराराच्या जोरावर त्यांनी सिंगापूरच्या लवादात स्थगिती मिळवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं गेलं. कोर्टकचेरी चालू असताना दुकानांचं भाडं थकत गेलं. कित्येक जागांचे भाडेकरार दरम्यान रिलायन्सच्या नावावर झाले होते, तिथे फ्युचर पोटभाडेकरू होऊन बसली होती. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस रिलायन्सने थकबाकीपोटी त्या जागा ताब्यात घ्यायला सुरुवात केली. फ्युचर रिटेलची आठशेच्या वर दुकानं अशी गेली. एप्रिलमध्ये तारण असलेल्या सावकारांनी मूळ व्यवहाराच्या विरोधात मत दिलं आणि तो बारगळला. जुलै २०२२ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर कंपनी दिवाळखोरीत गेली. वीस हजार कोटींच्या आसपासच्या दाव्यांसमोर सावकारांपुढे बोली आली ती साडेपाचशे कोटींची. तीही फेटाळली गेली, आणि जुलै २०२४ मध्ये कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला.

या सगळ्यात दुकानं कुठे गेली? कुठेच नाही. त्याच इमारती, तेच सरकते जिने, पुष्कळ ठिकाणी तीच मुलं काउंटरवर, फक्त वर पाटी दुसरी. "मोठा येईल आणि दुकान घेईल" हे भाकीत अक्षरशः खरं ठरलं. शेअर दोन-तीन रुपयांवर येऊन गोठला. मोठा माणूस हुशार असतो म्हणूनच मोठा असतो. ज्या जागा थकलेल्या भाड्यात मिळतात, ज्या मालमत्ता न्यायाधिकरणाच्या लिलावात पडत्या भावाने मिळतात, त्यासाठी तो तुमच्या-माझ्या शेअरला चढा भाव का देईल? अमेरिकेत हेच झालं. जेसी पेनी मे २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याच वर्षी मॉलच्या मालकांनी ती घेतली, दुकानं आजही चालू आहेत, जुना शेअर शून्य. बेड बाथ अँड बियाँड एप्रिल २०२३ मध्ये कोर्टात गेली, तरी हौशी गुंतवणूकदार महिनोनमहिने शेअर घेत राहिले. सप्टेंबरमध्ये ते सगळे शेअर रद्द झाले.

जागेचा मुद्दा मात्र मी जास्त आदराने घेतो, कारण तो आमच्याच माणसांनी जगलेला आहे. माण-खटाव, आटपाडी, खानापूरची हजारो माणसं मुंबईच्या गिरण्यांत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कित्येक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. धंदा मेला, पण गिरणीखालची जमीन सोन्याची झाली. १९०५ साली स्थापन झालेली फिनिक्स मिल आज मॉलचा धंदा करते आणि तिचा शेअर ज्यांनी धरून ठेवला त्यांच्या पिढ्या सुधारल्या. कामगारांच्या वाट्याला काय आलं, तो वेगळा आणि दुखरा विषय. तेव्हा बुडत्या धंद्याखालची जमीन शेअरहोल्डरला तारते, असं घडलेलं आहे. पण जमीन गिरणीची स्वतःची होती. आपल्याकडच्या बहुतेक साखळ्यांची दुकानं भाड्याच्या जागेत आहेत. तिथे जागेची किंमत वाढली तर भाडं वाढतं, म्हणजे ती वाढ शेअरहोल्डरच्या खिशातून जाते. आणि जागा स्वतःची असली तरी ती राहते का, हे पाहावं लागतं. अमेरिकेतली सिअर्स एकेकाळी जगातली सगळ्यात मोठी किरकोळ विक्रेती. २००५ नंतर तिचे शेअर घेणारे म्हणत, धंद्याचं सोडा, नुसत्या जागाच शेअरच्या भावापेक्षा जास्त आहेत. २०१५ मध्ये कंपनीने २३० हून जास्त जागा २७० कोटी डॉलरना विकल्या, स्वतःच्याच दुकानांत भाडेकरू झाली, पैसा तोटा भरण्यात संपला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर झाली. रोज थोडं थोडं शेत विकून घर चालवणारा माणूस आपल्या प्रत्येक गावात असतो. त्याच्या सातबाऱ्यावर आज किती एकर आहेत, त्यावरून त्याच्या मुलाचा वाटा ठरत नाही.

राहिला गर्दीचा मुद्दा. "दुकानात बघा, पाय ठेवायला जागा नसते." मी गेल्या महिन्यात मुद्दाम दोनदा गेलो. एका शनिवारी संध्याकाळी गर्दी होती, खरंच होती. पण बिस्किटांच्या फळीसमोर उभा राहिलो आणि हात आत घातला. एकाच जातीचे पुडे एका ओळीत अगदी कडेला ओढून मांडलेले, मागे फळी रिकामी. तेलाच्या पिशव्यांच्या जागेवर कंपनीचेच नूडल्स लावलेले. तीनपैकी दोन फ्रीजर बंद, वर पुठ्ठे टाकलेले. आठ काउंटरपैकी दोन चालू, म्हणून रांग लांब, आणि रांग लांब म्हणून दुकान भरल्यासारखं दिसतं. गर्दी होती ती कपड्यांच्या निम्म्या किमतीच्या ढिगापाशी. माझे वडील गणपती पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. एखाद्या व्यापाऱ्याची पत कशी आहे असं कुणी विचारलं तर ते त्याच्या दुकानातल्या गर्दीबद्दल कधी बोलायचे नाहीत. "त्याचा वायदा टळतोय का, ते विचार" म्हणायचे.

तेच मी विचारून आलो. कुपवाडला हळद-मिरची पावडर पॅक करणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत, या दुकानाला तीन वर्षं माल देत होते. त्यांनी टेबलावर फाइल उघडून ठेवली. प्रत्येक बिलावर माल मिळाल्याचा शिक्का आणि खाली पेन्सिलने पैसे आल्याची तारीख. पहिल्या वर्षी तीस-पस्तीस दिवस. मग पन्नास. मग ऐंशी. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा २००६ पासून कायदा आहे. त्यापलीकडे वर्षअखेरपर्यंत पैसे थकवले तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही, अशीही अलीकडे तरतूद झाली आहे. तरी शेवटच्या चार बिलांखाली पेन्सिलची खूण नाही. "फोन केला की म्हणतात, फंड येतोय, आठवडाभर थांबा. मी आता आगाऊ पैसे आल्याशिवाय गाडी भरत नाही," ते म्हणाले. बिस्किटांच्या फळीमागची पोकळी इथे सुरू झालेली असते. किरकोळ दुकान चालतंच मुळी पुरवठादाराच्या उधारीवर. ती आटली की माल येत नाही, माल नसला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, विक्री घटली की उधारी आणखी आटते. चेन्नईत १९९७ साली सुरू झालेली सुभिक्षा सोळाशेच्या आसपास दुकानांपर्यंत पोचली होती, अझीम प्रेमजींसारख्या माणसाने २००८ मध्ये तिच्यात हिस्सा घेतला होता, आणि रोकड संपल्यावर २००९ च्या सुरुवातीला काही आठवड्यांत सगळी दुकानं बंद पडली. उलट डी-मार्टचा लौकिक पुरवठादाराला लवकर पैसे देण्याचा आहे. म्हणून त्याला माल स्वस्त पडतो, आणि जागा बहुतांशी स्वतःच्या असल्याने भाड्याची टांगती तलवार नाही. बेस्ट बाय सावरली तेव्हाही पुरवठादारांनी तिची साथ सोडली नव्हती. सॅमसंगसारख्या कंपन्यांनी उलट तिच्या दुकानांत आपली दालनं थाटली. पुरवठादाराची साथ आणि जागेची मालकी, या दोन्ही गोष्टी दाराबाहेरून दिसत नाहीत, पण कागदावर दिसतात.

आणि "नऊ रुपयांत जाऊन जाऊन काय जाणार" याचं उत्तर: सगळं. नव्वदचा नऊ झालेला शेअर आणि नऊचा शून्य झालेला शेअर यात दुसऱ्याचं नुकसान टक्क्यांत जास्त आहे. भाव उतरला म्हणून आणखी घेऊन सरासरी खाली आणायची, याला आपली पोरं ॲव्हरेज करणं म्हणतात. त्याने सरासरी उतरते, पण बुडीत खात्यात गुंतलेली रक्कम वाढत जाते. वेळ आली की विकून टाकू म्हणावं, तर खालचं सर्किट लागलं की दिवसेंदिवस घेणाराच नसतो. फ्युचर रिटेलमध्ये अडकलेल्यांनी हे अनुभवलंय. रोज सकाळी सव्वानऊला विक्रीची ऑर्डर टाकायची, संध्याकाळी ती तशीच परत.

मी त्या मुलाला शेअर विक म्हणालो नाही. रविवारी त्याला घरी बोलावलं आणि दोघांनी मिळून कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. तासभर गेला. प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत ते पान आधी सापडलं, मग भाडेकरारांची देणी. लेखापरीक्षकाने एका टिपेत लिहिलेलं वाक्य त्याने दोनदा वाचायला लावलं. मग त्याने विचारलं, "काका, त्या हळदवाल्यांचे पैसे यात कुठं असतील?" मी त्याला व्यापारी देण्यांची ओळ दाखवली. त्याने मागच्या वर्षीचा आकडा बघितला, या वर्षीचा बघितला, वर जाऊन विक्रीचा आकडा बघितला, आणि मोबाइलवर भागाकार करायला लागला.